सोने, तेजाब आणि राजवायू

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत राजवाडा परिसरातील मंडपात दिलेले भाषण. बोलताना जे विस्कळीत झाले होते ते स्मरणिकेसाठी मी जरा नीट मांडून लिहिले आहे.)



गणपती ही बुद्धीची देवता. तिच्यासमोर भजन होते, नाटुकले होते, तसे एखादे शास्त्रावरचे भाषणही व्हावे, असे मंडळाला वाटले. मला निरोप आला, ‘सर, यंदा काहीतरी विज्ञानावर बोला, पण कंटाळवाणे नको.’ यातली पहिली अट मी पाळणार आहे. दुसरी पाळली गेली की नाही, ते तुम्ही प्रसादाच्या वेळी सांगा.

मी निवडलेला विषय या मंडपातच आहे, फक्त दिसत नाही. आपला मंडप अंदाजे चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद आणि बारा फूट उंच आहे. त्यातल्या हवेत सुमारे पावणेचार हजार लिटर आर्गॉन नावाचा वायू आहे. हवेच्या शंभर भागांत तो ०.९३ भाग असतो. ज्या कार्बन डायऑक्साइडची जगभर चर्चा चालते, त्याच्या वीसपटीहून हा अधिक. आपण साधा श्वास घेतो तेव्हा चहाचा एक चमचा भरेल इतका आर्गॉन आत जातो आणि तसाच्या तसा बाहेर येतो. रक्तातल्या कशाशी त्याचा संयोग होत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जन्मापासून तो आपल्या सोबत आहे आणि त्याने आपल्याशी एकदाही ओळख करून घेतलेली नाही.

अशी सहा भावंडे आहेत : हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रेडॉन. शाळेत यांना निष्क्रिय वायू म्हणतात, राजवायू असेही नाव आहे. ते कोणाशी सहसा संयोग का करत नाहीत, हा आजचा प्रश्न. पण त्याआधी मला एक जुनी चूक कबूल करायची आहे, आणि ती कबूल करायला याच्याइतकी योग्य सभा मला दुसरीकडे मिळणार नाही.

१९७६-७७ चा सुमार असेल. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी दहावीला रसायनशास्त्र शिकवत होतो. नवीन मास्तर, आवाज मोठा. फळ्यावर लिहिले : निष्क्रिय वायूंचे अष्टक पूर्ण असते, म्हणून ते कोणत्याही पदार्थाशी कधीही संयोग पावत नाहीत. ‘कधीही’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचे वडील इकडेच कुठेतरी, तमिळनाडूत, गलाईच्या दुकानात होते. तो म्हणाला, “सर, सोनं बी तेजाबात इरघळत न्हाई. पर दोन तेजाबं एकत्र केली की इरघळतंय, आमचं आण्णा करत्यात. मग ह्या वायूस्नी इरघळवणारं तसलं काय न्हाई व्हय?”

मी म्हणालो, “पुस्तकात काय लिहिलंय ते वाच. अष्टक पूर्ण आहे, विषय संपला. बस खाली.” वर्ग हसला. मुलगा खाली बसला. दहावी झाल्यावर तो वडिलांच्या मागे दक्षिणेत निघून गेला.

मंडळी, त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चुकीचे होते. किती चुकीचे, हे कळायला मला आणखी पाचसहा वर्षे लागली. ते आज सांगतो.

सुरुवात इथूनच, या राजवाड्यातूनच करू. १७९८ साली तंजावूरच्या गादीवर आलेले सरफोजी महाराज, म्हणजे दुसरे सरफोजी, यांनी सरस्वती महालात जो ग्रंथसंग्रह वाढवला, त्यात लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ आहे. तो फक्त शोभेला ठेवला नव्हता. १८२६ साली बिशप हेबर इथे आले होते. हा राजा लाव्हाझिए, फूर्क्रोआ, लिनिअस यांचे दाखले सहज देतो, याचे त्यांना मोठे नवल वाटले आणि तसे त्यांनी लिहून ठेवले.

लाव्हाझिएचा हा ग्रंथ १७८९ सालचा. त्यात ३३ मूलतत्त्वांची यादी आहे. सोने आहे, चांदी आहे, गंधक आहे. प्रकाश आणि उष्णता हीसुद्धा मूलतत्त्वे म्हणून दिलेली आहेत. हवेचे मुख्य घटक दोन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन. राजवायूंपैकी एकही त्या यादीत नाही. असणार कसा? जो कोणाशी बोलत नाही, कोणाशी भांडत नाही, कोणाच्या घरी जात नाही, त्याचे नाव गावाच्या यादीत लिहायचे राहूनच जाते.

तरी त्याची चाहूल एकाला लागली होती. १७८५ साली, म्हणजे सरफोजी महाराज सात-आठ वर्षांचे असताना, इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश हा अबोल गृहस्थ नळीतल्या हवेत विजेच्या ठिणग्या पाडत होता. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होई, तयार झालेला वायू तो शोषून घेई. असे करत सगळा नायट्रोजन संपवला तरी एक बारीकसा बुडबुडा उरला, मूळ नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून मोठा नव्हे. त्याने प्रामाणिकपणे तेवढे लिहून ठेवले. पुढे शंभराहून अधिक वर्षे त्या बुडबुड्याकडे कोणी पाहिले नाही.

मग आले लॉर्ड रॅले. त्यांनी हवेतून काढलेला नायट्रोजन तोलला, तेव्हा लिटरला १.२५७ ग्रॅम भरला. रासायनिक पदार्थांतून तयार केलेला नायट्रोजन १.२५१ ग्रॅम भरला. फरक शेकडा अर्धा. दुसरा कोणी असता तर तराजूला दोष देऊन मोकळा झाला असता. इथे बसलेल्या गलाईवाल्यांना मी वेगळे सांगायला नको. सोन्याच्या वजनात शेकडा अर्धा फरक आला तर रात्री झोप लागत नाही. रॅले यांनाही लागली नाही. त्यांनी आणि विल्यम रॅम्झी यांनी मिळून १८९४ साली त्या फरकाचे कारण शोधले. हवेतल्या नायट्रोजनमध्ये एक जड, अनोळखी वायू मिसळलेला होता. त्याला ते कशाशीही जुळवू शकले नाहीत, म्हणून नाव ठेवले आर्गॉन. ग्रीक भाषेत याचा अर्थ आळशी.

१८९५ साली रॅम्झी यांनी युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम मिळवला आणि १८९८ साली मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासह निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन हे तीन वायू शोधले. रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स ही नावे आपल्याला परकी नाहीत. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा सुचवायला रॅम्झी हिंदुस्थानात येऊन गेले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. त्या संस्थेचे पहिले संचालक झाले ते हेच ट्रॅव्हर्स. आपल्या मंडळातली जी मुले आज बंगळूरच्या त्या संस्थेत जाण्याची स्वप्ने पाहतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे वायू असे का वागतात?

दोन अणू एकत्र येतात ते तीन प्रकारे. एकाने आपला इलेक्ट्रॉन द्यायचा, किंवा दुसऱ्याचा घ्यायचा, किंवा दोघांनी मिळून वापरायचा. देणे, घेणे आणि वाटून घेणे. संसारात तरी चौथा प्रकार कुठे आहे? निऑनचे उदाहरण घेऊन हे तिन्ही तपासून पाहू.

आधी देणे. निऑनच्या अणुकेंद्रात दहा धन प्रभार आहेत. बाहेर दहा इलेक्ट्रॉन आहेत, दोन आतल्या कवचात आणि आठ बाहेरच्या. आतले दोघे केंद्राला थोडे झाकतात. बाहेरचे आठ मात्र एकाच अंतरावर, शेजारी शेजारी असल्याने एकमेकांना फारसे झाकत नाहीत. त्यामुळे त्यातल्या प्रत्येकाला केंद्राची ओढ जवळजवळ सहा प्रभारांइतकी जाणवते. सोडियम निऑनच्या लगेच पुढचा, अकरा प्रभारांचा. त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन एक मजला वर राहतो आणि आतल्या दहांनी केंद्र इतके झाकलेले असते की त्याला ओढ जेमतेम दोन-सव्वादोन प्रभारांचीच भासते. म्हणून सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल ऊर्जा पुरते, निऑनचा काढायला २०८१ लागतात. चौपटीहून जास्त. हेलियमला २३७२ लागतात. याहून घट्ट मूठ कोणत्याही मूलतत्त्वाची नाही. थोडक्यात, देणे परवडत नाही.

दुसरे घेणे. फ्लोरीनच्या बाहेरच्या कवचात एक जागा रिकामी असते, म्हणून तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो. निऑनच्या पंगतीत आठही पाने मांडून झालेली आहेत. नववा पाहुणा आला तर त्याची सोय माडीवर करावी लागेल, आणि तिथे केंद्राची ओढ पोहोचतच नाही, कारण दहा प्रभारांसमोर दहा इलेक्ट्रॉन आधीच उभे आहेत. आलेला इलेक्ट्रॉन टिकत नाही. म्हणजे घेणेही जमत नाही.

तिसरे वाटून घेणे. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की त्यांच्या इलेक्ट्रॉनांसाठी दोन नव्या जागा तयार होतात. एक जोडणारी, दुसरी तोडणारी. प्रत्येक जागेत दोनच इलेक्ट्रॉन मावतात. हायड्रोजनचे मिळून दोनच, ते दोघेही जोडणाऱ्या जागेत बसतात आणि बंध पक्का होतो. हेलियमचे मिळून चार. दोन जोडणाऱ्या जागेत बसतात, उरलेल्या दोघांना तोडणाऱ्या जागेत बसावेच लागते. जेवढे जोडले जाते त्याहून थोडे अधिकच तुटते. सर्व राजवायूंत सगळे इलेक्ट्रॉन असेच जोडीने बसलेले असल्यामुळे दोन निऑनची किंवा दोन आर्गॉनची गाठ रासायनिक अर्थाने पडत नाही. एकमेकांबद्दल जी काय क्षीण ओढ असते तिच्यामुळे ते अतिशय थंड केल्यावर द्रव होतात इतकेच. आर्गॉन उणे १८६ अंशांना, हेलियम उणे २६९ अंशांना.

देणे नाही, घेणे नाही, वाटून घेणे नाही. म्हणून हे वायू एकेका अणूने हिंडतात. इथवर माझे १९७६ चे फळ्यावरचे वाक्य ठीक दिसते. चूक पुढे आहे.

‘अष्टक पूर्ण, म्हणून निष्क्रिय’ या वाक्यात दोन दोष आहेत. पहिला असा की ते पूर्ण खरे नाही. हेलियमकडे आठ नाहीत, दोनच आहेत, तरी तोही निष्क्रियच. आर्गॉनच्या तिसऱ्या कवचाची क्षमता अठरांची आहे, आणि त्यात आठच आहेत. मग ते कवच पूर्ण कसे? खरी गोष्ट अशी की आठ झाल्यावर पुढची रिकामी जागा ऊर्जेच्या दृष्टीने खूप वर असते. महत्त्व त्या मधल्या उंच पायरीला आहे, आठ या आकड्याला नाही.

दुसरा दोष जास्त गंभीर. १९१६ साली लुईस आणि कोसेल यांनी रासायनिक बंधाचा सिद्धांत मांडला. राजवायू स्वस्थ असतात आणि त्यांच्या बाहेर आठ इलेक्ट्रॉन असतात, यावरून त्यांनी अष्टकाचा विचार बसवला. नियम फार उपयोगी ठरला. पण पुढे आम्ही मास्तरांनी काय केले? ज्यांच्या स्वस्थपणावरून नियम बनवला, तोच नियम त्यांच्या स्वस्थपणाचे कारण म्हणून सांगू लागलो. ‘हा शहाणा का? तर तो शहाण्यासारखा वागतो म्हणून.’ याला उत्तर म्हणत नाहीत.

आणि नियमात न बसणारे आकडे डोळ्यांसमोर छापलेले होते. इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा बघा. हेलियम २३७२, निऑन २०८१, आर्गॉन १५२१, क्रिप्टॉन १३५१, झेनॉन ११७०, रेडॉन १०३७. अणू जसजसा मोठा होतो तसतसे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर जातात आणि मूठ सैल होत जाते. आता शेजारी ऑक्सिजनच्या अणूचा आकडा ठेवा, १३१४. हायड्रोजनचा १३१२. हे दोघे रात्रंदिवस संयोग करतात, आणि झेनॉनचा इलेक्ट्रॉन त्यांच्यापेक्षा सैल आहे. मग झेनॉन कायमचा ब्रह्मचारी कसा?

काहींना ही शंका आली होती. १८९५ सालीच रॅम्झी यांनी आर्गॉनचा नमुना पॅरिसला म्वासाँ यांच्याकडे पाठवला होता. त्यांनी फ्लोरीनशी संयोग घडवून पाहिला, झाला नाही. आर्गॉनऐवजी झेनॉन असता तर कदाचित इतिहास बदलला असता, पण झेनॉनचा शोधच तेव्हा लागायचा होता. १९३३ साली लायनस पॉलिंग यांनी क्रिप्टॉन आणि झेनॉन यांची फ्लोराइडे बनू शकतील असे म्हटले. त्यांच्याच संस्थेतील दोघांनी प्रयोग केला, तो फसला. त्यानंतर प्रयत्नच थंडावले. पुस्तकात ‘कधीही नाही’ छापून आले आणि ते वाचून आमच्यासारख्यांनी फळ्यावर लिहिले.

२३ मार्च १९६२. कॅनडातले व्हँकुव्हर, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ. नील बार्टलेट नावाचा तिशीच्या उंबरठ्यावरचा शास्त्रज्ञ. त्याच्याकडे प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हा गडद लाल वायू होता. हा वायू इतका हावरट की साध्या ऑक्सिजनच्या रेणूचाही इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, हे त्याने आधी पाहिले होते. ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढायला ११७५ किलोज्यूल लागतात. बार्टलेटने तक्त्यात बघितले, झेनॉनला ११७०. म्हणजे झेनॉनचाही निघायला हवा! त्याने एका बाजूला लाल वायू आणि दुसऱ्या बाजूला रंगहीन झेनॉन भरला आणि मधला पडदा फोडला. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला, बघता बघता, पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. झेनॉनचे पहिले संयुग.

बांधवांनो, ज्यांचे हात सोन्याचांदीत गेले त्यांनी एक गोष्ट पाहावी. प्लॅटिनम ही राजधातू. राजधातूच्या मदतीने राजवायूला बोलते केले!

त्याच वर्षी अमेरिकेत झेनॉन आणि फ्लोरीन निकेलच्या भांड्यात ४०० अंशांना तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडचे पांढरे स्फटिक मिळाले. झेनॉन डायफ्लोराइड तर काचेच्या भांड्यात दोन वायू भरून उन्हात ठेवले तरी तयार होते. इतके सोपे! पुढे क्रिप्टॉनचेही संयुग झाले. २००० साली हेलसिंकीच्या शास्त्रज्ञांनी अतिशय थंड तापमानात आर्गॉन, हायड्रोजन आणि फ्लोरीन यांचा रेणू बनवला. २०१७ साली वातावरणाच्या दहा लाखपटीहून जास्त दाबाखाली सोडियम आणि हेलियम यांचे संयुग प्रसिद्ध झाले. एकटा निऑन अजून हट्टाने बसून आहे. पण आता त्याच्याबद्दलही मी ‘कधीही’ लिहिणार नाही.

आता तेजाबाकडे येतो. नुसत्या नायट्रिक आम्लात चांदी जाते, तांबे जाते, सोने राहते. तुमच्या साऱ्या धंद्याचा पाया हा. पण त्यात तिप्पट हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की अम्लराज होते आणि सोने विरघळते. कारण काय? नायट्रिक आम्ल सोन्याचे इलेक्ट्रॉन किंचित ओढते, पण एकट्याने ते काम तडीला जात नाही. क्लोराइड तिथे हजर असला की सुटलेल्या सोन्याला लगेच धरून ठेवतो, परत फिरू देत नाही. एकाने ओढायचे, दुसऱ्याने धरायचे. झेनॉनच्या बाबतीत अगदी हेच झाले. जबरदस्त ओढणारा मिळाला आणि सुटलेल्याला धरायला जोडीदार तिथेच होता. त्या मुलाने मागच्या बाकावरून विचारले होते ते हेच. त्याने विचारले तेव्हा बार्टलेटच्या प्रयोगाला चौदा वर्षे होऊन गेली होती. उत्तर जगात होते, माझ्याजवळ नव्हते. ‘मला माहीत नाही, शोधून सांगतो’ एवढे म्हणायला काय हरकत होती? पण नव्या मास्तरला ते जमत नाही.

तो मुलगा आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. मदुराईला असेल, कोईमतूरला असेल, कदाचित तंजावूरच्याच एखाद्या गल्लीत मूस तापवत असेल. आता तो मुलगा नसणार, आजोबा झाला असेल. त्याच्यापर्यंत हे पोहोचले तर बरे. बाबा रे, तुझा प्रश्न शंभर नंबरी होता. खोट माझ्या उत्तरात होती.

ऐकलेले ठासून सांगायची सवय फक्त मास्तरांना असते असे नाही. आपल्या महाराष्ट्रात अभिमानाने सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला. ग्रहणाची छाया त्या किनाऱ्यावरून गेली हे खरे. पण लॉकयर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या ज्वाळांतली ती पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. ग्रहणात काम केले ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी, आंध्रातल्या गुंटूरला. आणि मराठी माणसाला अभिमानच हवा असेल तर खरी जागा आहे. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी त्याच ग्रहणात ढगांतून डोकावत ज्वाळांचा वर्णपट पाहिला होता. खरा इतिहास कमी रंगतदार नाही. मग खोट्याची गरज काय?

हेलियम तर आपल्या अगदी शेजारी आहे. कुंभकोणमच्या पुढे कुत्तालम आहे, पूर्वीच्या अखंड तंजावूर जिल्ह्यातले. तिथे कावेरीच्या खोऱ्यातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत हेलियम सापडतो, दहा हजार भागांत जेमतेम सहा भाग. जमिनीखालच्या युरेनियम आणि थोरियम यांच्यातून अल्फा कण सुटतात, त्यांना दोन दोन इलेक्ट्रॉन मिळाले की हेलियम होतो. कलकत्त्याच्या अणुऊर्जा खात्यातील शास्त्रज्ञांनी ओएनजीसीच्या कुत्तालम केंद्रावर तो वेगळा काढण्याचा प्रायोगिक संच उभारला होता. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्राचे चुंबक द्रवरूप हेलियमनेच थंड ठेवतात. एकदा हवेत सुटला की तो हलका असल्याने हळूहळू पृथ्वीच सोडून जातो. कोणाशी बांधला जात नाही, म्हणून कोठे साठूनही राहत नाही.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण नुसते ज्ञान सांगून मी उतरलो तर भगिनीवर्ग म्हणेल, याचा उपयोग काय?

पहिली फुग्यांची. उत्सवात फुगेवाले येतात. काही जण कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे सिलिंडरात घालून जागच्या जागी हायड्रोजन तयार करतात. तो स्वस्त पडतो, पण समईच्या ज्योतीने किंवा एका फुलबाजीने पेटतो, आणि असले घरगुती सिलिंडर फुटून माणसे दगावतात. हेलियम पेटत नाही, त्याचे कारण आज आपण ऐकले. तरी त्याच्या सिलिंडरात दाब प्रचंड असतो, तो उन्हात किंवा गर्दीत ठेवू नये. मंडळाला माझी विनंती आहे की हायड्रोजनचा फुगेवाला मंडपाच्या आसपास उभा राहू देऊ नका. मुले रडतील, थोडा वेळ रडू द्या.

दुसरी आर्गॉनची. आपली काही मुले त्रिचीला वेल्डिंगच्या कारखान्यांत आहेत. तापलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन लागू नये म्हणून जोडावर आर्गॉन सोडतात. दागिन्यांच्या लेझर जोडकामातही तो आता आला आहे. निष्क्रिय म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे विसरू नका. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे. टाकीत, खड्ड्यात, बंद खोलीत तो तळाशी साठतो आणि ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. वास नाही, ठसका नाही, माणूस न कळत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. खिडकी उघडी ठेवा, बंद टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासून घ्या, एकट्याने उतरू नका.

मंडळी, आपण सारे इथे परमुलखात आहोत. काहींची साडेतीनशे वर्षे होत आली, काहींची तीस, काहींची बदली पुढच्या जूनमध्ये. आपल्याविषयीही कोणी कधी म्हणते, ‘ही मंडळी आपल्यातच असतात, इतरांत मिसळत नाहीत.’ मला ते पटत नाही. आपल्या घरातल्या आमटीत तमिळ चिंच आहे आणि इथल्या सांबाराची कथा सांगताना तंजावूरचे लोक मराठी राजाचे नाव घेतात. देवाणघेवाण कधीच थांबली नव्हती. निष्क्रिय म्हणून ज्यांच्यावर शिक्का मारला तेही योग्य जोडीदार भेटल्यावर बोलतात. तेव्हा माणसांवर, मुलांवर आणि मुलांच्या प्रश्नांवर शिक्का मारताना जरा थांबावे, इतकेच मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

पुढच्या सतरंजीवरच्या बालमित्रांनो, उद्या सकाळी आईबाबांना सरस्वती महालात घेऊन जा. तिथे लाव्हाझिएचे पुस्तक आहे आणि त्याच्या यादीत आर्गॉन नाही, हे त्यांना सांगा. आणि शाळेत सरांनी ‘कधीही’ असे म्हटले, तर हात वर करून विचारा. सर रागावले तर माझे नाव सांगा.

 गणपती बाप्पा मोरया!